जुन्या संसद भवनात लोकशाही नेमकी कुठे दिसते?

प्रश्न असा आहे: इंग्रजांच्या काळात उभ्या राहिलेल्या सरकारी इमारती, म्हणजे संसद, विधिमंडळं, महापालिका, आपल्या वास्तुरचनेतून लोकशाहीचं प्रतीक कशा ठरतात? विचारणाऱ्याने उत्तराचा अंदाजही सोबत दिला आहे. खांब म्हणजे स्थैर्य, घुमट म्हणजे ऐक्य, गोल आकार म्हणजे समता आणि रुंद पायऱ्या म्हणजे जनतेचं स्वागत.

हा अंदाज माहितीफलकावर शोभेल, पण इमारतीपुढे नकाशा घेऊन उभं राहिलं की टिकत नाही. खांब आणि घुमट व्हाइसरॉयच्या राजवाड्यालाही आहेत. दिल्लीच्या संसद भवनाचा वास्तुकार हर्बर्ट बेकर; त्यानेच लंडनची बँक ऑफ इंग्लंड नव्याने बांधली, आणि तिलाही खांबच खांब आहेत. बँकेला कोणी लोकशाहीचं प्रतीक म्हणत नाही. तेव्हा दर्शनी भागावरून काही ठरवायचं नाही. इमारत वाचायची ती तिची जागा, दारं, बसायची मांडणी, प्रेक्षकांचे सज्जे आणि आवाजाची वाट यांवरून. आणि सगळ्यात जास्त, बांधून झाल्यावर लोकांनी तिच्यात काय बदललं त्यावरून. दिल्लीचं जुनं संसद भवन, म्हणजे आजचं संविधान सदन, या कामाला सर्वांत चांगलं. मुंबईची उदाहरणं पुढे येतीलच.

आधी जागा. १९११च्या दरबारात राजधानी दिल्लीला नेण्याचं जाहीर झालं आणि पुढच्या दोन वर्षांत नव्या शहराचा आराखडा आकाराला आला, तेव्हा त्यात विधिमंडळासाठी स्वतंत्र इमारत नव्हतीच. रायसीना टेकडीच्या माथ्यावर व्हाइसरॉयचं घर, त्याच्यापुढे दोन्ही बाजूंना सचिवालयाचे दोन ब्लॉक आणि तिथून सरळ खाली उतरणारा राजरस्ता, असा सगळा पसारा. मग १९१९चा कायदा आला, केंद्रात दोन सभागृहं आली, संस्थानिकांसाठी नरेंद्र मंडळ ठरलं आणि या सगळ्यांना बसायला घर लागलं. ते मिळालं टेकडीच्या पायथ्याशी, नॉर्थ ब्लॉकच्या ईशान्येला, मुख्य अक्षापासून बाजूला. आजही राजरस्त्यावरून वर चालत जाताना नाकासमोर येतं ते राष्ट्रपती भवन. संसद उजव्या हाताला, खाली राहते. शहराच्या नकाशात सत्तेची उतरंड यापेक्षा स्वच्छ काढता येणार नाही.

नॉर्थ ब्लॉकच्या प्रवेशद्वारावर इंग्रजीत एक वचन कोरलं आहे. त्याचा आशय असा की स्वातंत्र्य लोकांकडे आपण होऊन उतरत नाही, लोकांनी स्वतःला त्याच्या पातळीला चढवावं लागतं. ते आधी कमवावं आणि मग भोगावं. हे वाक्य पायथ्याच्या विधिमंडळाकडे पाहत कोणी कोणाला सुनावलं आहे हे लक्षात घेतलं, की या परिसराची भाषा कळते.

आता गोल आकार. बेकरचा पहिला आराखडा त्रिकोणी होता: तीन सभागृहांचे तीन पंख आणि मध्ये घुमट. नव्या दिल्लीचा दुसरा वास्तुकार ल्यूटन्स, त्याला तो रुचला नाही. त्याने वर्तुळाचा आग्रह धरला आणि १९२०च्या सुरुवातीला समितीने वर्तुळ उचललं. म्हणजे वर्तुळ आलं ते दोन वास्तुकारांच्या ओढाताणीतून आणि नगररचनेच्या सोयीतून. समतेचा विचार त्या चर्चेच्या केंद्रस्थानी नव्हता. मुरैन्याजवळच्या मितावलीचं चौसष्ट योगिनी मंदिर पाहून हा आकार घेतला असं हल्ली सर्रास सांगतात. आकार मिळताजुळता आहे हे खरं, पण त्रिकोणापासून वर्तुळापर्यंतचा हा वाद उपलब्ध असताना मंदिराची गरज पडत नाही.

वर्तुळाच्या आत शिरलं की समतेचा अर्थ आणखी पातळ होतो. व्यास ५६० फूट, परीघ मैलाचा तिसरा हिस्सा, क्षेत्रफळ जवळजवळ सहा एकर. पहिल्या मजल्याच्या व्हरांड्याला १४४ खांबांची रांग, प्रत्येक खांब २७ फूट उंच. या कड्याच्या आत तीन वेगवेगळी सभागृहं आणि त्यांच्या मधे तीन अंगणं. एक सभागृह १४५ सभासदांच्या केंद्रीय विधानसभेचं (पुढे लोकसभा बसली ती इथेच), एक ६० सभासदांच्या राज्य परिषदेचं, तिसरं संस्थानिकांचं. १९२०च्या निवडणुकीत विधानसभेला मतदार होते सुमारे ९ लाख आणि राज्य परिषदेला सुमारे १७ हजार, तेही सबंध ब्रिटिश हिंदुस्थानातून. संस्थानिकांना तर कोणी निवडूनच दिलं नव्हतं. बाहेरून दिसणारं एक अखंड वर्तुळ आतून असं तीन दर्जांत कापलेलं होतं. सभेने फेटाळलेलं विधेयकसुद्धा व्हाइसरॉय आपल्या अधिकारात मंजूर करू शकत होता.

कोनशिला १२ फेब्रुवारी १९२१ला ड्यूक ऑफ कनॉटने बसवली, उद्घाटन १८ जानेवारी १९२७ला लॉर्ड आयर्विनने केलं, खर्च ८३ लाख रुपये. दोनच वर्षांत, १९२९मध्ये, कचेऱ्यांना जागा पुरेना म्हणून खांबांच्या वर आणखी एक मजला चढवला. इमारत आज जी थोडी बुटकी आणि जड वाटते, घुमट रस्त्यावरून जवळपास दिसतच नाही, त्याला हा मजला बराचसा कारण आहे. प्रतीकांच्या गप्पा मारताना हे विसरायचं नाही: सरकारी इमारतीचा अंतिम आकार बऱ्याचदा बाबूंच्या टेबलांच्या संख्येने ठरतो.

मग लोकशाही कुठे? वर्तुळाच्या मध्यभागी, आणि तीही अपघाताने.

तीन सभागृहांच्या मधल्या गोल दालनाचा घुमट ९८ फूट व्यासाचा. ते बांधलं ग्रंथालय म्हणून, सभासदांनी वाचत बसण्यासाठी. १९४६मध्ये संविधान सभेला बसायला एवढी मोठी दुसरी जागा नव्हती. पुस्तकांची कपाटं हलवली, अर्धवर्तुळाकार बाकं मांडली, उंच छतातून प्रखर दिवे सोडले, डिसेंबरच्या थंडीसाठी उबेची सोय केली, आणि ९ डिसेंबर १९४६ला २०७ सभासद तिथे पहिल्यांदा बसले. २४ जानेवारी १९५०पर्यंत हीच खोली. घटना लिहिली गेली ती वाचनालयात. तीन दर्जांपैकी एकाच्याही मालकीची नसलेली इमारतीतली ही एकमेव मोठी खोली होती, हे मला या सगळ्या वास्तूतलं सर्वांत बोलकं वाटतं. भिंतींवरची बारा सोनेरी चिन्हं मात्र अविभक्त हिंदुस्थानच्या बारा प्रांतांची आहेत. ती काढली नाहीत, हे चांगलं झालं.

आणखी एक बारकावा इथेच सांगायला हवा, तो नकाशावर दिसत नाही. नोव्हेंबर १९४७पासून संविधान सभा दोन कामं करत होती: घटना लिहिणं आणि रोजचे कायदे करणं. माणसं तीच. पण घटनेचं काम मध्यवर्ती दालनात, राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली. आणि कायद्याचं काम विधानसभेच्या जुन्या सभागृहात, दादासाहेब मावळंकरांच्या अध्यक्षतेखाली. मावळंकरांचं घराणं मूळचं रत्नागिरीकडचं, कर्मभूमी अहमदाबाद. जानेवारी १९४६मध्ये ते इंग्रजी अमलातल्या शेवटच्या विधानसभेचे अध्यक्ष झाले होते आणि १९५२मध्ये पहिल्या लोकसभेचेही तेच झाले. खोली बदलली की सभासदाची भूमिका बदलते, हे इथे अक्षरशः पायांनी चालून ठरत होतं. बांधकामाचा एक चिराही न हलवता झालेला हा बदल कुठल्याही खांबापेक्षा जास्त सांगतो.

तिसऱ्या सभागृहाची कथा याहून मजेची. संस्थानिकांचं दालन १९३७मध्ये फेडरल कोर्टाला मिळालं. २८ जानेवारी १९५०ला सर्वोच्च न्यायालयाचं पहिलं कामकाज तिथेच झालं आणि १९५८मध्ये स्वतःची इमारत मिळेपर्यंत न्यायालय तिथेच बसत होतं. जिथे जन्माने मिळालेल्या हक्कांचे राखणदार बसायचे, तिथे मूलभूत हक्कांचे पहिले मोठे खटले चालले. यात बेकरचं श्रेय शून्य.

आता बसायच्या मांडणीकडे. वेस्टमिन्स्टरला, म्हणजे लंडनच्या ब्रिटिश संसदेत, बाकं समोरासमोर आहेत, मधे मोकळी जागा, दोन पक्ष एकमेकांकडे तोंड करून. दिल्लीला अर्धवर्तुळ, सगळ्यांची तोंडं अध्यक्षांकडे. रीत मात्र वेस्टमिन्स्टरचीच राहिली: सत्ताधारी अध्यक्षांच्या उजवीकडे, विरोधक डावीकडे, उपाध्यक्ष डावीकडच्या पहिल्या रांगेत. अर्धवर्तुळात दोन टोकांची माणसं अजूनही एकमेकांसमोर येतात, पण मधले बाक कोणत्याच बाजूचे वाटत नाहीत; छोट्या पक्षांना तिथे जागा मिळते. दोनच पक्ष गृहीत धरणाऱ्या मांडणीपेक्षा हे आपल्याला सोयीचं पडलं. अध्यक्षांच्या आसनावर ‘धर्मचक्रप्रवर्तनाय’ आणि मध्यवर्ती दालनाच्या दारावर ‘अयं निजः परो वेति’ हे श्लोक असल्याचं लोक आवर्जून सांगतात. लिखाण भिंतीवर चढवणं सोपं असतं. त्याचं वजन मी बसायच्या मांडणीपेक्षा कमी धरतो.

माप काढलं की मात्र अडचण उघडी पडते. लोकसभेच्या या जुन्या सभागृहाची जमीन सुमारे ४,८०० चौरस फूट. १४५ सभासदांना ती वाटली तर माणशी ३३ चौरस फूट येते. ५५० आसनांना वाटली तर पावणेनऊ. यात जाण्यायेण्याच्या वाटा आणि अध्यक्षांपुढची मोकळी जागाही आली. परिणाम असा की मधल्या आसनावरच्या माणसाला बाहेर पडायचं तर पाच जणांना उठवावं लागे, अपंग सभासदाला रांगेच्या टोकाशीच बसावं लागे आणि मागच्यांना खांब आडवे येत. नऊ लाख मतदारांसाठी मापलेल्या अंगरख्यात कोट्यवधींचं सभागृह बसवलं, तर तो शिवणीत उसवणारच. २०२३मध्ये बाजूला नवी इमारत झाली त्याचं एक व्यावहारिक कारण हेच: तिथे लोकसभेला ८८८ आणि राज्यसभेला ३८४ आसनं आहेत. नव्या इमारतीचा आकार त्रिकोणी आहे, शंभर वर्षांपूर्वी बेकरने मांडला होता तसाच. योगायोग भूखंडाच्या आकाराचा, पण बेकर असता तर खूश झाला असता.

प्रेक्षकांचा सज्जा आणि आवाज या दोन गोष्टी एकत्रच बघाव्या लागतात. सभागृह लोकांसमोर चालतं याचा बांधकामातला पुरावा म्हणजे सज्जा. सज्ज्याची परीक्षा सोपी आहे: मागच्या रांगेत बसा आणि बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो का बघा. मागच्याची नजर पुढच्याच्या डोक्यावरून किमान ६० मिलिमीटर वरून जायला हवी, ९० मिळाले तर उत्तम. त्यासाठी मागची प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा थोडी जास्त उंच लागते. पुष्कळ जुन्या सज्ज्यांत पायऱ्या एकसारख्या असतात आणि सुरक्षेसाठी कठडा नंतर वाढवलेला असतो. मग दोन पुढच्या रांगा सोडल्या तर बाकीच्यांना दिसतं ते समोरच्याचं डोकं आणि पितळी दांडी. कागदावर प्रवेश खुला, प्रत्यक्षात दृष्टी बंद.

८ एप्रिल १९२९ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी याच सभागृहात सज्ज्यावरून, रिकाम्या जागी बॉम्ब टाकले आणि पत्रकं उधळली. पत्रकाची सुरुवात होती की बहिऱ्यांना ऐकवायला मोठा आवाज लागतो. वास्तुशास्त्राच्या अंगाने पाहिलं तर सज्जा ही फक्त ऐकण्याची जागा आहे, बोलण्याची नाही. तिथून बोलायचं तर नियम मोडूनच बोलावं लागतं. ही मर्यादा आजही आहे आणि असायलाही हवी, पण सज्जा म्हणजे लोकसहभाग असं लिहिताना ती ध्यानात ठेवावी.

गोल दालनात बोलणं ऐकू येणं हा स्वतंत्र आजार आहे. वक्र भिंत आवाज पसरवत नाही, एकीकडे गोळा करते. त्यामुळे एखाद्या कोपऱ्यातल्या बाकावर पलीकडची कुजबुज स्पष्ट येते आणि मधल्या बाकावर भाषण कळत नाही. घुमटाचं त्याहून वाईट. मध्यवर्ती दालनाच्या घुमटाची उंची ११८ फूट सांगतात. ढोबळ हिशेबाने आवाज वर जाऊन परत यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. परतणारा आवाज सेकंदाच्या विसाव्या हिश्शापेक्षा उशिरा आणि जोरात आला, की कान त्याला प्रतिध्वनी म्हणून वेगळा मोजतो आणि शब्द एकमेकांवर चढतात. भाषणासाठीच्या खोलीत घुमणं सेकंदभरात विरायला हवं. दगड, चुना आणि काच असलेल्या मोठ्या दालनात ते सहज तीन-चार सेकंद रेंगाळतं. इलाज दोन. आवाज शोषणारं काहीतरी घालायचं, म्हणजे गालिचे, गादीची आसनं, भिंतीच्या वरच्या पट्ट्यात छिद्रांचे फलक. आणि प्रत्येक बाकाला माइक व छोटा स्पीकर द्यायचा. एक मोठा भोंगा लावणं हा इलाज नव्हे, त्याने घुमटाला आणखी खाद्य मिळतं.

माइक आल्यावर एक राजकीय गोष्टही बदलते. पूर्वी खणखणीत गळ्याचा माणूस सभागृह गाजवायचा; माइकने मऊ आवाजाच्या माणसालाही तेवढंच बळ दिलं. पण माइकची कळ अध्यक्षांच्या निर्देशाने चालते. १९५७मध्ये लोकसभेत मतं नोंदवणारं विजेचं यंत्र आलं, त्याआधी मतविभागणीला सभासदांना उठून लॉबीत जावं लागे. पुढे भाषणाच्या तत्काळ अनुवादाची सोय आली. बाकातली बटणं, कानाला लावायचे श्रवणक आणि अनुवादकांच्या काचेच्या खोल्या कोणाच्या फोटोत येत नाहीत. वर्तुळापेक्षा लोकशाही त्यांच्यात जास्त आहे.

मुंबईत याच्या उलट उदाहरण सापडतं. बोरीबंदरसमोरची महापालिकेची इमारत वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची. कोनशिला ९ डिसेंबर १८८४ला व्हाइसरॉय लॉर्ड रिपनने बसवली. हा तोच रिपन, ज्याचा १८८२चा ठराव स्थानिक स्वराज्याचा पाया मानतात. बांधकाम १८८९मध्ये सुरू होऊन १८९३मध्ये पुरं झालं. पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे जागा. दोन रस्ते जिथे मिळतात त्या टोकावर इमारतीचं तोंड आहे. मनोरा, जिना आणि दार एका रेषेत, थेट रस्त्यावर. ना टेकडी, ना राजरस्ता, ना मैलभराचं अंगण. समोर रेल्वेतून उतरणारी गर्दी. वर पंख असलेली मूर्ती आणि ‘हिंदुस्थानातली पहिली नगरी’ या अर्थाचं लॅटिन ब्रीद: साम्राज्यापेक्षा शहराची फुशारकी जास्त. आणि आत बसणाऱ्या संस्थेचा काही भाग खरोखर निवडून आलेला होता. १८७२च्या कायद्याने ६४पैकी ३२ सभासद करदाते निवडत. १८८८च्या कायद्याने ७२पैकी ३६. फिरोजशहा मेहतांचा पुतळा आज दारासमोर आहे तो याच झगड्याची आठवण म्हणून. अर्थात मत होतं ते कर भरणाऱ्याला. प्रौढ मताधिकाराने पालिकेची निवडणूक झाली १९४८मध्ये. तरीही वसाहतकालीन इमारतींत लोकशाहीचं बीज बांधणीच्या वेळीच कुठे होतं असं विचाराल तर मी संसदेआधी पालिका दाखवीन.

मुंबई प्रांताच्या विधिमंडळाचं नशीब आणखी वेगळं. १९२८पासून ते बसलं खलाशांच्या वसतिगृहात, रॉयल आल्फ्रेड सेलर्स होममध्ये. तीही स्टीव्हन्सचीच इमारत, १८७६ची, दर्शनी त्रिकोणात समुद्रदेव नेपच्यून. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा विधिमंडळ तिथेच होतं; १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते नरिमन पॉइंटला गेलं आणि आज तिथे पोलीस महासंचालकांचं मुख्यालय आहे. गोव्याची विधानसभाही २०००पर्यंत पणजीच्या आदिलशहाच्या वाड्यात भरायची, जिथे आधी पोर्तुगीज व्हाइसरॉय राहत. खलाशी, सुलतान, व्हाइसरॉय यांच्या घरांत कायदे झाले आणि त्या कायद्यांचं काही बिघडलं नाही. इमारतीच्या मूळ हेतूला किती महत्त्व द्यायचं हे यावरून ठरवा.

बेकरची प्रिटोरियातली युनियन बिल्डिंग्ज, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारची मुख्य इमारत, हीही याच रांगेत. दोन सारखे मनोरे म्हणजे इंग्रज आणि आफ्रिकानर या दोन गोऱ्या समाजांचं ऐक्य. काळ्या बहुसंख्येला त्या प्रतीकात जागाच नव्हती. १० मे १९९४ला नेल्सन मंडेलांनी शपथ घेतली ती तिथेच. दगड तोच, अर्थ त्या दिवशी बदलला.

हे सगळं दुरुस्तीच्या कामात उपयोगी पडतं, म्हणून आता तिकडे वळू. अशा इमारतीचं जतन हाती आलं की पहिली मागणी असते: ‘मूळ रूपात आणा.’ मूळ म्हणजे कधीचं? संसद भवन १९२७च्या रूपात आणायचं तर मध्यवर्ती दालनातली बाकं काढून पुस्तकांची कपाटं ठेवावी लागतील आणि तिसरं सभागृह संस्थानिकांना परत द्यावं लागेल. म्हणून कामाआधी प्रत्येक खोलीचा कालपट करायचा: कोणत्या साली काय बदललं, कशासाठी, कोणाच्या हुकमाने. मग ठरवायचं. साधा नियम असा की वापराने आणि निर्णयाने झालेला बदल राखायचा, आळसाने झालेला काढायचा. संविधान सभेची बाकं पहिल्या प्रकारात. व्हरांड्यात प्लायवूड ठोकून केलेल्या केबिनी दुसऱ्या प्रकारात.

व्हरांडे बंद करणं ही सरकारी इमारतींची सर्वांत मोठी खोड. व्हरांडा भिंतीला ऊन आणि पाऊस लागू देत नाही, आणि लोकांना थांबायला सावली देतो. तो बंद केला की आतली भिंत कोंदते, चुन्याचा गिलावा ओल धरून फुगतो आणि मग त्यावर सिमेंटचा गिलावा मारला जातो. ओल आत अडकते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे दुसरीकडून निघतात. अंगणांचंही तसंच. तीन सभागृहांमधली अंगणं उजेडासाठी आणि हवेसाठी आहेत. तिथे जनित्र, पत्र्याची शेड आणि एसीची बाहेरची यंत्रं आली की खिडक्या कायमच्या बंद होतात.

दगडाचं थोडं. दिल्लीला धौलपूरचा वाळूचा दगड, खाली लाल आणि वर फिकट. हा दगड थराथरांचा असतो. खाणीत थर आडवे असतात, भिंतीतही ते आडवेच बसायला हवेत. चिरा उभा लावला, थर दर्शनी बाजूला समांतर आले, की पुस्तकाच्या पानांसारखे पापुद्रे सुटतात. अशा चिऱ्याला वरून रसायन फासून उपयोग नाही. सैल भाग हाताने काढून, गरज असेल तर चिराच बदलायचा, आणि नवा लावताना थराची दिशा तपासायची. दुसरा शत्रू चिऱ्यांना बांधणाऱ्या जुन्या लोखंडी कड्या. लोखंड गंजलं की कित्येक पट फुगतं आणि कोपरा उडवून देतं. कडी पूर्ण काढून स्टेनलेस स्टीलची, समुद्राजवळ ३१६ प्रतीची, चुन्यात बसवायची. मुंबईत हे काम दर चार खिडक्यांमागे निघतं.

दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरताना सिमेंट वापरणं हा गुन्हा समजावा. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि पाणी न सोडणारं, त्यामुळे ओल दगडातून बाहेर पडते आणि दगडाची कड झिजते. काही वर्षांनी दर्जा पुढे आणि दगड मागे असं उलटं चित्र दिसतं. सांधा त्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल खरवडायचा, ग्राइंडर न वापरता, छिन्नीने. पाण्याने धुवायचा. एक भाग चुना, अडीच ते तीन भाग चाळलेली वाळू, त्यातला थोडा हिस्सा विटांची सुरखी. दाबून भरायचा, दगडाच्या कडेपासून किंचित आत ठेवायचा, आणि ओलं गोणपाट लावून किमान दहा दिवस पाणी मारायचं. उन्हाळ्यात घाईने केलेला चुना दुसऱ्या महिन्यात भुगा होऊन पडतो, आणि मग दोष चुन्याला देतात.

पायऱ्यांबद्दल शेवटी. मुंबईच्या टाउन हॉलला, म्हणजे एशियाटिकला, तीस पायऱ्या आहेत, १८३३च्या. फोटोला सुंदर, पण गुडघेदुखीच्या माणसाला आणि चाकाच्या खुर्चीला दार बंद. उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. पंधरा फूट चढायचं असेल तर १८० फूट, वर विसाव्याच्या जागा वेगळ्या. दर्शनी बाजूला एवढा उतार घुसवला तर इमारत खराब होते. त्यापेक्षा जमिनीच्या पातळीवरचं बाजूचं दार शोधायचं, ९०० मिलिमीटर मोकळी रुंदी मिळते का बघायचं आणि आत लिफ्ट द्यायची. एक अट मात्र घालायची: ते दार सगळ्यांसाठी असलं पाहिजे. ‘अपंगांसाठी’ अशी पाटी लावून कचऱ्याच्या डब्यांशेजारचं दार दिलं तर नव्या पायऱ्या बांधल्यासारखंच. संसद भवनाला बारा दारं आहेत आणि वर्तुळाला मागची बाजू नसते, त्यामुळे हे काम तिथे इतर इमारतींपेक्षा सोपं. वर्तुळाचा हा एक फायदा मी बिनशर्त मान्य करतो.

आणि मध्यवर्ती दालनातले पंखे. छत इतकं उंच की लांब दांड्या सोडणं विचित्र दिसलं असतं, म्हणून जमिनीवरून खांब उभे करून त्यांच्या डोक्यावर पंखे उलटे बसवले आहेत. वातानुकूलन आल्यावरही ते काढले नाहीत. दुरुस्तीच्या यादीत ‘निकामी साहित्य’ म्हणून असलं काही आलं, तर आधी त्याचं माप घ्या, फोटो काढा, आणि ओळ खोडून टाका.